पार्सनिप कधी आणि कसं पेरायचं? (मागच्या वर्षी मोजून तीन उगवले)

चिखलवाट | 18 फेब्रुवारी 2024, 21:42

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये तीन वर्षं यादीत नाव लावून बसल्यावर गेल्या वर्षी अर्धा अलॉटमेंट पदरात पडला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: कौन्सिलची जमीन, वर्षाच्या भाड्यानं, घरापुरती भाजी लावायला. अख्खा तुकडा जुन्या मापानं दहा रॉड, म्हणजे साधारण 250 चौरस मीटर. माझा त्याच्या निम्मा, म्हणजे सव्वा गुंठा. सासरी सांगितलं तर हसतात.

बटाटे, कांदे, वाटाणा, पालक जमलं. मेथीसुद्धा झकास आली. पार्सनिपनं मात्र नाक कापलं. पाकिटावर "फेब्रुवारी ते मे" छापलेलं होतं, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी कानटोपी घालून दोन ओळी पेरल्या. चिकण माती, तीही इतकी गार की बोटं बधिर झाली. पाकीट मैत्रिणीनं दिलेलं, आदल्या वर्षी फोडलेलं. एप्रिल संपला तरी वाफा रिकामाच. मे महिन्यात तीन रोपं दिसली. ख्रिसमसच्या आधी खणली तर एकाला तीन पाय, दुसरं करंगळीएवढं आणि तिसऱ्याचा माथा काळा-तांबडा होऊन कुजलेला. नवऱ्यानं तिन्ही ताटात मांडून फोटो काढला आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला.

या वर्षी नवं पाकीट आणलंय. पुन्हा फेब्रुवारी आलाय, आज ऊनही पडलं होतं आणि हात शिवशिवताहेत. पेरू का? मुळाला पाय का फुटतात? आणि ते कुजणं कशामुळे?

पहारवाला | 18 फेब्रुवारी 2024, 23:05

हात खिशात ठेवा.

मी वॉरिकशरमध्ये चौदा वर्षं पार्सनिप लावतोय. मूळचा माढ्याकडचा, घरची रब्बी ज्वारी. आमच्याकडे पाऊस पडून गेला तरी रान वाफशावर येईपर्यंत कोणी तिफण धरत नाही. इथं आल्यावर मीही पाकिटाचं ऐकून पहिली दोन वर्षं फसलो. मग लक्षात आलं, की पाकीट छापणाऱ्याला दक्षिणेतल्या कॉर्नवॉलपासून पार उत्तरेतल्या ॲबरडीनपर्यंत एकच पाकीट विकायचंय. त्याला तुमच्या वाफ्याशी काय घेणं?

बी उगवायला लागणारे दिवस मातीच्या उबेवर ठरतात. माती 5 अंशांवर असेल तर पार्सनिपला जवळजवळ आठ आठवडे लागतात. 10 अंशांना चारएक आठवडे, 15 ला तीनच्या आत, 20 ला दोन. त्याच्या फार वर गेलं की पुन्हा रखडतं, 30 अंशांना महिना घेतं. तुम्ही मागच्या वर्षी ते बी आठ आठवडे थंड चिखलात ठेवलंत. तेवढ्यात ते सडणार, उंदीर खाणार नाहीतर गोगलगाय कोंब कुरतडणार. तीन उगवले हेच नवल.

रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी, म्हणजे इथली बागकामाची मोठी संस्था, तीसुद्धा आता सांगते, की फेब्रुवारीची पेरणी ही जुनी रीत आहे, उगवण चांगली हवी असेल तर वसंत मध्यावर येऊ द्या. लीड्सला म्हणजे एप्रिलचा दुसरा पंधरवडा धरा. मे महिन्यात पेरलं तरी चालतं, फक्त कंद थोडे लहान राहतात. घरात दोन-तीन माणसं असतील तर लहानच बरे. बाहुबली कंदाच्या आत लाकूड असतं.

मातीचा अंदाज आपल्या घरच्यासारखाच. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि टिचकीनं फुटला तर वाफसा आहे. बोटांना लोण्यासारखी चिकटली तर घरी जाऊन चहा प्या.

आणि मैत्रिणीचं पाकीट: पार्सनिपचं बी एक हंगाम टिकतं. दुसऱ्या वर्षी उगवण धाडकन पडते. टोमॅटोचं बी चार-पाच वर्षं डब्यात पडलं तरी चालतं, याचं नाही. दरवर्षी नवं घ्यायचं, उरलेलं टाकून द्यायचं. जीव तुटतो, पण टाकायचं.

पेठेतली_गच्ची | 19 फेब्रुवारी 2024, 08:14

भाबडा प्रश्न. पार्सनिप म्हणजे पांढरं गाजर का? पुण्यात बसून मी ही भाजी शिजताना फक्त परदेशी कुकरी शोमध्ये पाहिलीय.

चिखलवाट | 19 फेब्रुवारी 2024, 12:31

दिसायला तसंच, पण वेगळं झाड. कुटुंब गाजराचंच, म्हणजे आपली कोथिंबीर, जिरं, बडीशेप, ओवा हे सगळे चुलतभाऊ. रंग हस्तिदंती, डोक्याकडे रुंद, खाली निमुळतं. चव रताळ्याच्या जवळ जाणारी, आणि मागून एक जायफळासारखा वास येतो. काहींना तो वास आवडत नाही. माझ्या सासूबाईंच्या मते त्याला "औषधी वास" आहे. त्यांनी काढलेला शब्द चुकीचा नाही.

बी बघितलंत तर ओळखीचं वाटेल. बाळंतशोपा असतात ना, चपट्या, कडेला पापुद्रा? तशाच, फक्त आकारानं थोराड. फुंकर मारली तर उडतात.

पहारवाला | 19 फेब्रुवारी 2024, 13:02

म्हणून वारा असेल त्या दिवशी पेरू नका. एकदा माझ्या दोन ओळी शेजाऱ्याच्या कोबीत उगवल्या होत्या.

ओवा_ओंटॅरिओ | 20 फेब्रुवारी 2024, 03:48

आमच्याकडे कॅनडात हा प्रश्नच येत नाही. फेब्रुवारीत जमीन दगड असते, पहारीनंसुद्धा खणता येणार नाही. आम्ही एप्रिलच्या शेवटी-मेच्या सुरुवातीला माती मोकळी झाली की पेरतो. कंद ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये काढतो, थोडे तसेच जमिनीत ठेवून वर फूटभर पेंढा अंथरतो आणि बर्फ वितळल्यावर मार्च-एप्रिलमध्ये खणतो. ते वसंतातले कंद सगळ्यांत गोड. पण पानं फुटायच्या आत काढायचे, नाहीतर सगळी साखर वरच्या फुटव्यात जाते आणि हातात चोयट्या उरतात.

एक सावधगिरी, नंतर सविस्तर लिहीन: याच्या पानांचा चीक उन्हात अंगाला लावून घेऊ नका. इकडे हेच झाड रानटी होऊन रस्त्याच्या कडेनं माजलंय, उन्हाळ्यात त्याबद्दल इशाऱ्याच्या पाट्या लागतात.

फुकटचा_सल्ला | 20 फेब्रुवारी 2024, 19:20

एवढं थांबायचं कशाला? मटकीला मोड आणतो तसे आणा! किचन पेपर ओला करून डब्यात घाला, वर बिया पसरा, झाकण लावा, खोलीत ठेवा. आठ-दहा दिवसांत पांढरं टोक दिसतं. कोंब अर्धा सेंटीमीटर व्हायच्या आत चिमट्यानं उचलून लावायचे. निदान कुठलं बी जिवंत आहे ते तरी कळतं.

दुसरा उपाय: टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्या. मातीनं भरा, प्रत्येकीत दोन बिया, खिडकीत ठेवा. रोप आलं की नळीसकट जमिनीत. पुठ्ठा कुजून जातो.

पहारवाला | 20 फेब्रुवारी 2024, 20:07

मोड आणणं मान्य. जमीन चिकण असेल तर मीही ते सुचवतो. फक्त कोंब लांबू द्यायचा नाही, तुटला की संपलं.

नळ्यांबद्दल मात्र माझं भांडण आहे. पार्सनिप सोटमुळाचं झाड. वर दोन इवली पानं दिसतात तेव्हा खाली मूळ नळीच्या तळाला पोचलेलं असतं. तळाला आपटलं की ते वळतं किंवा फाटा फोडतं आणि मग डिसेंबरात चिखलवाट यांचं तीन पायांचं पार्सनिप हजर. खिडकीत "अजून थोडं मोठं होऊ दे" म्हणत कौतुकानं वाढवलेल्या रोपांचे मी असले कंद पाहिलेत, की हसावं की रडावं. नळी वापरायचीच असेल तर पहिली पानं उघडली त्याच आठवड्यात ती जमिनीत गेली पाहिजे. आणि गादीवाफ्यावर रोप तयार करून मिरचीसारखी लावणी करायचा विचारही करू नका.

फुकटचा_सल्ला | 20 फेब्रुवारी 2024, 20:15

मी लांब नळ्या वापरतो. किचन रोलच्या. पाय एकालाही नाहीत.

पहारवाला | 20 फेब्रुवारी 2024, 20:31

मग तुमचा निरोप बियाण्याच्या कंपन्यांना पोचवा. मी पहार वापरतो. माझ्या नावातच आहे.

चिखलवाट | 20 फेब्रुवारी 2024, 21:10

भांडा, पण आधी ते पहारीचं समजावून सांगा.

पहारवाला | 21 फेब्रुवारी 2024, 22:40

सांगतो. ही युक्ती माझी नाही, इथं भाज्यांच्या प्रदर्शनात भाग घेणाऱ्यांची. जमिनीत पहार खोचायची, गोल फिरवायची, म्हणजे उलट्या शंकूसारखं दोन-अडीच फूट खोल भोक पडतं. त्यात चाळलेली माती, वाळू आणि जुनं कंपोस्ट भरायचं आणि तोंडाशी तीन बिया टोकायच्या. मुळाला आयता सरळ मऊ रस्ता मिळतो. प्रदर्शनातले लोक तर मोठाल्या पिंपांत वाळू भरून त्यात अशी भोकं पाडतात. लांबीच्या स्पर्धेसाठी वाढवणारे चक्क पाइप वापरतात. 2017 साली इथल्या एका स्पर्धेतलं पार्सनिप 6.55 मीटर भरलं होतं. मूळ कसलं, दोरखंडच तो. खायला काय मिळालं असेल देव जाणे.

तुम्हाला पिंप नको. चिकण मातीत ओळीला सहा-सहा इंचांवर पहारीची भोकं पाडलीत तरी फरक दिसेल. दोन ओळींमध्ये अंतर एक फूट.

पाय फुटायची दोन मुख्य कारणं. एक म्हणजे दगड-ढेकळं, मूळ अडलं की वाट बदलतं. दुसरं ताजं शेणखत. आपल्याला खत घातल्याशिवाय चैन पडत नाही, पण पार्सनिपच्या वाफ्यात त्या वर्षी शेणखत घालायचं नाही. आदल्या वर्षी कोबीला किंवा बटाट्याला घातलं असेल तिथं हे लावा. तेवढं पुरतं.

पेरायची तऱ्हा अशी. अर्धा इंच खोल चर, आधी चरात पाणी, मग बी, मग बारीक कोरडी माती. उलटं केलंत, म्हणजे पेरून वरून झारीनं पाणी घातलंत, तर चिकण मातीवर पपडी धरते आणि कोंबाला ती फोडता येत नाही. एकेका जागी तीन बिया टोकायच्या, पुढं एकच ठेवायचं. ओळभर सरसकट भुरभुरलंत तर विरळणी करताना कंबर जाते.

आणि त्याच ओळीत मधेमधे मुळ्याच्या, इथल्या लाल गोल मुळ्याच्या, बिया टाका. तो आठवड्यात उगवतो, ओळ कुठं आहे ते दाखवतो आणि महिन्याभरात खाऊन मोकळं व्हायचं. नाहीतर पार्सनिप यायच्या आधीच तुम्ही तण समजून खुरपं चालवाल.

डच_भेंडी | 22 फेब्रुवारी 2024, 18:55

नेदरलँड्समधून हजेरी. आमच्याकडे पास्टिनाक म्हणतात आणि दुकानदार "विसरलेल्या भाज्या" अशा नावाखाली चढ्या भावानं विकतात. बटाटा यायच्या आधी युरोपभर पोटाला आधार याचाच होता. मग बटाट्यानं याला माजघरातून ओसरीवर काढलं.

वाणाचं कोणी बोलत नाहीये. ते कुजणं टाळायचं तर वाण बघून घ्या.

पहारवाला | 22 फेब्रुवारी 2024, 21:30

बरोबर. त्या कुजण्याला इथं कँकर म्हणतात, बुरशी आहे. खांद्यापाशी तांबूस-काळी होते. ग्लॅडिएटर, पॅलेस, ॲव्हनरेझिस्टर हे वाण तिला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. टेंडर अँड ट्रू जुना आणि चवीला सुरेख. स्टुडंट नावाचा एक आहे, त्याची गोष्ट मला फार आवडते. सायरेन्सेस्टरच्या शेतकी कॉलेजात जेम्स बकमन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी 1847 च्या सुमारास रानटी पार्सनिपचं बी गोळा करून लावलं, त्यातले बरे कंद निवडून पुन्हा लावले, असं वर्षानुवर्षं करून सुतळीसारख्या मुळापासून खाण्याजोगा कंद तयार केला. सटन्स या बियाण्याच्या कंपनीनं तो 1860 मध्ये विकायला काढला. अजून मिळतो. मी दरवर्षी एक ओळ त्याची लावतो, ग्लॅडिएटरपेक्षा कमी येतो तरी.

चिखलवाट | 21 एप्रिल 2024, 19:08

अहवाल. मी खरंच थांबले. दोन महिने. शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा रोज विचारायचे. त्यांना "मातीचं तापमान" म्हटलं तर म्हणाले, पूर्वी लोक विजार उतरवून जमिनीवर बसून बघायचे, बसवलं गेलं तर पेरायचं. मी स्वयंपाकघरातला मटणाचा थर्मामीटर नेला. मार्चमध्ये 6, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात 8, आज सकाळी दहा वाजता 10 च्या वर. हिवाळाभर इतका पाऊस झालाय, की आत्ता कुठे मूठ फुटली.

पहार नव्हती, आजोबांनी दिली. तीस भोकं पाडली. ग्लॅडिएटर वीस, टेंडर अँड ट्रू दहा. प्रत्येकी तीन बिया, मधे मुळा. खांदे निखळलेत.

चिखलवाट | 12 मे 2024, 20:44

एकवीस दिवस. मुळा खाऊन झाला. पार्सनिपचा पत्ता नाही. पुन्हा पेरू का?

पहारवाला | 12 मे 2024, 20:59

नाही.

फुकटचा_सल्ला | 12 मे 2024, 21:03

मोड आणले असते तर...

पहारवाला | 12 मे 2024, 21:20

10 अंशांना चारएक आठवडे धरा असं आधीच लिहिलंय. माती वरून सुकू देऊ नका, संध्याकाळी हलक्या झारीनं ओल ठेवा. आणि उकरून बघू नका! उकरून बघणाऱ्यांचं काहीच उगवत नाही.

चिखलवाट | 15 मे 2024, 07:12

आलेऽऽऽ. चोविसावा दिवस. ऑफिसला जायच्या आधी बूट चिखलात घालून बघितलं. आधी वाटलं गवत आहे, दोन लांबट अरुंद पानं. मुळ्याची खूण नसती तर नक्की उपटलं असतं. तीसपैकी सव्वीस जागी आहे.

डच_भेंडी | 15 मे 2024, 09:40

अभिनंदन. पुढची पानं कातरलेली येतील, सेलरीसारखी. आता जाळी घाला. गाजरमाशी पार्सनिपलाही लागते. ती जमिनीलगत उडते आणि तुडवलेल्या पानांचा वास तिला लांबून कळतो.

चिखलवाट | 9 जून 2024, 21:15

विरळणी करायची तर जीव होत नाही. एकेका जागी दोन-तीन मस्त रोपं आहेत. काढलेली दुसरीकडे लावली तर?

पहारवाला | 9 जून 2024, 21:50

लावा, आणि डिसेंबरात फोटो टाका. आम्हाला करमणूक हवीच आहे.

उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. छोट्या कात्रीनं जमिनीलगत कापा. संध्याकाळी करा, कापलेलं तिथं टाकू नका, लगेच जाळी बंद करा. एका जागी एक.

ओवा_ओंटॅरिओ | 1 जुलै 2024, 04:20

चिकाबद्दल लिहायचं राहिलं होतं, आता लिहायला कारण मिळालं. माझ्या मेहुण्यानं शनिवारी अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट घालून कुंपणाकडेची रानटी पार्सनिप मशिननं कापली. भर दुपारी. त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात लाल, तिसऱ्या दिवशी टपोरे फोड. गावाकडे बिब्बा उततो ना, हुबेहूब तसं. ॲलर्जी नाही ही. चिकातलं द्रव्य कातडीवर असताना ऊन लागलं की कातडी भाजते, कोणाचीही. फोड बसले तरी काळपट डाग महिनोन्‌महिने राहतात.

बागेतल्या पार्सनिपमध्येही तेच द्रव्य असतं. पानं कापताना, तण काढताना पूर्ण बाह्या, हातमोजे, आणि शक्यतो ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ. चीक लागलाच तर लगेच साबण-पाण्यानं धुवा आणि तो भाग उन्हापासून झाका. फोड आले तर डॉक्टरकडे, इथं विचारत बसू नका. कंद खायला काही होत नाही.

चिखलवाट | 1 जुलै 2024, 12:02

बापरे. मी काल अर्ध्या बाह्यांत पानं बाजूला सारत होते. लीड्सला ऊन नव्हतं म्हणून वाचले.

पेठेतली_गच्ची | 2 जुलै 2024, 09:30

लीड्सच्या हवेचं कौतुक ऐकायची पहिलीच वेळ.

चिखलवाट | 14 सप्टेंबर 2024, 18:26

पानं मांडीएवढी झालीत. एका रोपाशी माती बाजूला करून पाहिली तर खांद्यावर छोटा तांबूस ठिपका. कँकर?

पहारवाला | 14 सप्टेंबर 2024, 19:44

असू शकतो. पानांवरची बुरशी पावसाबरोबर खाली धुपून उघड्या खांद्यावर बसते. भर लावा, म्हणजे उसाला-बटाट्याला लावतो तशी, खांदे झाकेपर्यंत माती ओढून घ्या. पिवळी पानं काढून टाका. मधेच पाण्याचा ताण आणि मग एकदम भरपूर पाणी असं झालं की कंद तडकतो आणि चिरेतून ही आत शिरते. माशीनं पाडलेल्या भोकातूनही शिरते. फार घाबरू नका, वरचं अर्धा इंच कापून खाली खाता येतं. मी खातो.

हो, आणि ओळीच्या दोन्ही टोकांना काठ्या रोवा. पानं हिवाळ्यात जिरून जातात. एका जानेवारीत मी अख्खी दुपार खणत होतो आणि निघाले काय, तर मागच्या वर्षीचे चुकार बटाटे.

चिखलवाट | 24 नोव्हेंबर 2024, 17:35

या आठवड्यात बर्फ पडला, दोन रात्री कडक दंव. आज पहिले चार खणले.

आजोबांनी बजावलं होतं ओढू नकोस. मी ओढलं. शेंडा जमिनीत राहिला. उरलेले तीन मात्र खणायचा फोर्क एका बाजूला खोल घालून, माती सैल करून काढले. सर्वांत लांब 38 सेंटीमीटर! सरळ! एकाला छोटी शेपटी फुटलीय, पण पाय म्हणण्याजोगं काही नाही. ठिपक्यावालं एकच. फोटो काढून त्याच माहेरच्या ग्रुपवर टाकला, कोणाला काही न म्हणता.

चव. ऑक्टोबरमध्ये उतावळेपणानं एक काढून पाहिलं होतं, ते नुसतं पिठूळ. हे आज भाजलं तर कडा तपकिरी होऊन साखरेच्या पाकासारख्या झाल्या.

ओवा_ओंटॅरिओ | 25 नोव्हेंबर 2024, 02:10

थंडी लागली की कंद आपल्या पिठाची साखर करतो, म्हणजे त्याच्यातलं पाणी सहज गोठत नाही. आपल्या गोडीसाठी नाही, स्वतःच्या जिवासाठी. म्हणून घाई करायची नाही. जमीन गोठणार असेल तर आठवड्याचे काढून ओल्या वाळूत ठेवा. बाकीचे जमिनीतच, मार्चपर्यंत.

डच_भेंडी | 25 नोव्हेंबर 2024, 08:30

आता पाककृती येऊ द्या. इथले लोक ओव्हनमध्ये भाजणं नाहीतर सूप, याच्या पलीकडे जात नाहीत.

चिखलवाट | 25 नोव्हेंबर 2024, 21:48

काप! सुरणाचे करतो तसे. पाव इंचाच्या चकत्या, मीठ, हळद, लाल तिखट आणि चिंचेचा कोळ जरा सढळ, कारण मूळचं गोड आहे. पंधरा मिनिटं मुरू द्यायचं. तांदळाचं पीठ आणि रव्यात घोळवून मंद आचेवर तव्यावर. झाकण ठेवू नका, मऊ पडतात. मोठा कंद असेल तर मधला दांडा काढून टाका, तो चघळत बसावं लागतं. सासूबाईंनी "औषधी वास" न म्हणता सहा खाल्ले.

हलवाही केला. तो फसला. पार्सनिपचा वास वेलचीशी भांडतो. दुसऱ्या दिवशी उरलेल्यात वरून जायफळ किसून घातलं, तेव्हा कुठे समेट झाला.

फुकटचा_सल्ला | 25 नोव्हेंबर 2024, 22:05

संकष्टीला चालेल का? रताळं चालतं.

पेठेतली_गच्ची | 26 नोव्हेंबर 2024, 07:55

बटाटा, मिरची, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, सगळे अमेरिकेतून आले आणि उपासाच्या ताटात जाऊन बसले. पार्सनिपनं काय घोडं मारलंय? आमच्या आजीला विचारलं असतं तर म्हणाली असती, "नाव घेता येत नाही ते उपासाला नको."

असो. मी एक गुन्हा कबूल करतो. भाच्यानं इथं आणून दिलेलं पाकीट गेल्या नोव्हेंबरात गच्चीवरच्या पिंपात पेरलं होतं. दहा-बारा उगवली. जानेवारीपर्यंत हिरवीगार. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढलं, पानं माना टाकायला लागली. मार्चमध्ये काढलं तर बोटाएवढी मुळं, तुरट, आत दोरी. काय चुकलं?

पहारवाला | 26 नोव्हेंबर 2024, 21:15

तुमचं काही नाही, पुण्याचं. याला चार-पाच महिने गार लागतात, शेवटी दंव मिळालं तर उत्तम. पुण्यात धड तीन महिने मिळतात. त्यात ऑक्टोबरमध्ये पेरावं तर माती तापलेली, उगवण रखडते, आणि नोव्हेंबरात पेरलं तर पुढे दिवस पुरत नाहीत. महाबळेश्वर-पाचगणीला कोणी असेल तर त्यांनी बघावं. तुमच्या पिंपात गाजर लावा, सुखी व्हाल. आणि भाच्याला सांगा, बाहेरून असं बी आणायला कागदपत्रं लागतात, विमानतळावर धरतील.

चिखलवाट | 2 मार्च 2025, 16:20

शेवटचे काढले आज. सव्वीसपैकी बावीस आम्ही खाल्ले, दोन आजोबांना दिले, पहारीचं भाडं म्हणून. दोन जमिनीतच ठेवलेत. आजोबा म्हणतात दुसऱ्या वर्षी छातीपर्यंत वाढतं, पिवळ्या छत्र्या येतात, बडीशेपेसारख्या. बी ताजंच हवं तर घरचं काय वाईट?

पहारवाला | 2 मार्च 2025, 18:47

काहीच वाईट नाही, फक्त ग्लॅडिएटरचं ठेवू नका. तो संकरित, पुढची पिढी आईबापांवर जाईलच असं नाही. टेंडर अँड ट्रूचं ठेवलंय ना? आणि दोन फार कमी, जमलं असतं तर पाच-सहा ठेवायचे. छत्र्या तपकिरी झाल्या की लगेच कापा, पूर्ण बाह्या घालून. एक दिवस उशीर झाला तर सगळं बी वाऱ्यावर आणि पुढच्या वर्षी आजोबांच्या कोबीत.

चिखलवाट | 2 मार्च 2025, 19:02

एक टेंडर, एक ग्लॅडिएटर. ग्लॅडिएटर उद्या कापांत जाईल.

नवा_खुरपेकर | 3 मार्च 2025, 22:11

नमस्कार, मी नवीन. डर्बीला घरामागे छोटा वाफा केलाय. पाकिटावर फेब्रुवारी लिहिलंय, म्हणजे मला आधीच उशीर झालाय का? उद्या सकाळीच पेरून टाकतो.

चिखलवाट | 3 मार्च 2025, 22:19

उद्या सकाळी मातीत चार इंच थर्मामीटर खुपसा आणि आकडा इथे लिहा.

नवा_खुरपेकर | 4 मार्च 2025, 08:03

4.

चिखलवाट | 4 मार्च 2025, 08:10

पाकीट डब्यात, डबा कपाटात. तोवर कुठून तरी पहार मिळवा.